पहिली दुर्बीण: ताऱ्यांसाठी आणि पाखरांसाठीही

आकाशदर्शनाची आवड लागली की पहिला मोह टेलिस्कोपचा होतो. तो जरा आवरावा, असं माझं सांगणं आहे. कमी किमतीचा टेलिस्कोप बहुधा डगमगत्या स्टँडवर येतो, चित्र उलटं दाखवतो आणि त्यातून आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की एखादा तारा पकडण्यातच नवख्याची अर्धी रात्र जाते. महिन्याभरात तो माळ्यावर पडतो. दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, गळ्यात अडकवली की झालं. चित्र सुलट दिसतं, आकाशाचा ऐसपैस भाग एकदम समोर येतो आणि रात्री चंद्र पाहिला त्याच दुर्बिणीतून सकाळी तारेवर बसलेला खंड्या पाहता येतो. पुढे टेलिस्कोप घेतलात तरी ही कामाला येतच राहते. मुरलेले आकाशनिरीक्षकही ती हाताशी ठेवतात.

अडचण एवढीच की दुर्बिणी शेकड्यांनी मिळतात आणि स्वस्त गटात चांगल्यावाईटाची सरमिसळ फार. खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेतलेली दुर्बीण हमखास फसवते. तेव्हा सुरुवात आकड्यांपासूनच करू.

दोन आकडे आणि एक भागाकार

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसणार आणि पुढचं प्रत्येक भिंग ४२ मिमी रुंद असणार.

नवखा माणूस पहिल्या आकड्याकडे धावतो. पण हातात धरायच्या दुर्बिणीत जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, हा हिशोब चुकतो. दुर्बीण समोरच्या वस्तूबरोबर तुमच्या हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी करते. सात-आठ पटीला ती फारशी जाणवत नाही. दहा पटीला जाणवते, पण कोपर टेकवले की निभावतं. बारा पटीच्या पुढे ताऱ्याचा ठिपका राहत नाही, वळवळणारी रेघ होते. शिवाय पट वाढली की दिसणारा भाग आक्रसतो, म्हणजे नेमकं हवं ते शोधणं अवघड होतं.

दुसरा आकडा उजेडाचा. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. ५० मिमीच्या भिंगाचं क्षेत्रफळ तिच्या सुमारे ५१ पट भरतं, ४२ मिमीच्या भिंगाचं ३६ पट. नुसत्या डोळ्यांना काळंकुट्ट दिसणाऱ्या आकाशात दुर्बिणीतून अचानक तारेच तारे दिसतात, ते यामुळे. त्यात पटीचा वाटा दुय्यम आहे.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×४२ ला ५.२५ येतात, १०×५० ला ५, ७×५० ला ७.१ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ला फक्त २.५. डोळा लावतो त्या भिंगातून, म्हणजे नेत्रिकेतून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. माहितीपत्रकात त्याला एक्झिट प्यूपिल म्हणतात. खरेदीच्या वेळी एकच हिशोब करणार असाल तर हाच करा. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीच असते, त्यामुळे १०×२५ मधून दुपारी सगळं झकास दिसतं. हीच दुर्बीण सांजवेळी झाडीत रोखली की पक्षी नुसती काळी आकृती होतो आणि रात्री तर ती निराशाच करते. दोन्ही कामांसाठी एकच दुर्बीण हवी असेल तर हा भागाकार चार ते साडेपाचच्या दरम्यान यावा.

मग सरळ ७ वाली ७×५० का घेऊ नये? दोन कारणं आहेत. वयाबरोबर बाहुली कमी उघडू लागते. पन्नाशीनंतर अनेकांची पाच-साडेपाच मिमीच्या आसपास थांबते. पाच मिमीच्या बाहुलीसमोर सात मिमीची चकती आली तर बाहेरचा उजेड वाया जातो आणि तुमची ७×५० प्रत्यक्षात ७×३५ इतकंच काम करते, वजन मात्र पूर्ण ५० मिमीचं वागवायचं. दुसरं, दिव्यांच्या उजेडाने आकाश राखाडी झालेलं असेल तर मोठ्या चकतीतून तो राखाडीपणाही उजळ दिसतो. अशा ठिकाणी १०×५० मधली पार्श्वभूमी जास्त काळी वाटते आणि मंद तारे उठून दिसतात. गडद अंधाराच्या जागी राहणाऱ्या तरुणाने मात्र ७×५० जरूर बघावी.

तिसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची. ते एकतर अंशांत लिहिलेलं असतं, नाहीतर १००० मीटर अंतरावर किती मीटर रुंदीचं दिसेल असं. एक अंश म्हणजे १००० मीटरवर साधारण साडेसतरा मीटर. तेव्हा ११४ मीटर लिहिलं असेल तर साडेसहा अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे साडेसहा अंशांत तेरा चंद्र ओळीने मावतील. आठ पटीला सात अंशांच्या पुढे आणि दहा पटीला साडेपाच-सहाच्या पुढे असेल तर समाधान मानावं. उडता पक्षी पकडायला हेच रुंद क्षेत्र उपयोगी पडतं.

मग कोणती?

निम्मं आकाश आणि निम्मं रान असेल तर ८×४२. यात मला फारसा किंतु नाही. वजन साधारण ६०० ते ७५० ग्रॅम, हात थरथरत नाही, पहाटेच्या उजेडातही चित्र स्वच्छ. चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र, ठळक तारकागुच्छ हे सगळं यातून दिसतं.

ओढा आकाशाकडे जास्त असेल तर १०×५०. ती जड असते, ८०० ग्रॅम ते एक किलो, आणि जवळचं पाहायला तितकी सोयीची नाही. पण ताऱ्यांच्या बाबतीत ८×४२ च्या पुढे एक पाऊल नक्कीच आहे. लहान मुलांना किंवा मनगट अधू असलेल्यांना ७×३५, ८×३० किंवा ८×३२ द्यावी. हातात धरवत नाही ती दुर्बीण कितीही चांगली असली तरी कपाटातच राहते.

१५×७० हा आकाशवेड्यांचा आवडता आकार आणि आश्चर्य वाटेल इतक्या माफक किमतीत मिळतो. वजन सव्वा-दीड किलो. ट्रायपॉड नसेल तर पहिली दुर्बीण म्हणून ती घेऊ नका. ट्रायपॉड असला तरी पाखरांसाठी ती कुचकामी आहे.

काही प्रकारांच्या वाटेलाच जाऊ नये. झूम दुर्बिणींमध्ये, म्हणजे ८-२४×५० असं लिहिलेलं असतं त्यांत, दोन्ही बाजूंची पट तंतोतंत सारखी ठेवणं स्वस्तात जमत नाही, कमी पटीला दृष्टिक्षेत्र नळीतून पाहिल्यासारखं अरुंद होतं आणि जास्त पटीला चित्र अंधुक. फोकसच करावं लागत नाही म्हणून खपवल्या जाणाऱ्या दुर्बिणी जवळचं धूसर दाखवतात. लालभडक भिंगांच्या ‘रुबी कोटेड’ दुर्बिणी लाल प्रकाश परत फेकतात, त्यामुळे सगळं हिरवट दिसतं. आणि तळहातावर मावणाऱ्या दुर्बिणीवर ३०×६० लिहिलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. पट्टी लावून पाहा, पुढचं भिंग ६० मिमी भरणारच नाही.

आतली काच

पुढच्या भिंगातून येणारं चित्र उलटं असतं. ते सुलट करायला आत प्रिझम असतात आणि त्यांच्या मांडणीवरून दुर्बिणीचा आकार ठरतो. नेत्रिका आणि पुढचं भिंग एका रेषेत नसून मध्ये खांद्यासारखा बाक असेल तर ती पोरो प्रिझमची. इटलीच्या इग्नात्सियो पोरो यांनी १८५४ मध्ये या मांडणीचं पेटंट घेतलं आणि १८९४ मध्ये त्साइस कंपनीने ती वापरून आधुनिक दुर्बीण बाजारात आणली. दोन सरळ नळ्यांसारखी दिसते ती रूफ प्रिझमची.

रूफ प्रिझमवाली सुटसुटीत, हलकी, बहुधा जलरोधक आणि दिसायला देखणी. पण तिचे प्रिझम फार काटेकोर घडवावे लागतात आणि चित्र धारदार यावं म्हणून त्यांवर ‘फेज कोटिंग’ नावाचा खास थर द्यावा लागतो. स्वस्त मॉडेलांत यातच काटकसर होते. त्यामुळे हात आखडता घ्यायचा असेल तर त्याच पैशांत पोरो दुर्बीण जास्त उजळ आणि स्पष्ट चित्र देते. आकाशासाठी माझा कल पोरोकडेच आहे. पाऊस, धुकं, रानातली धक्काबुक्की असं सगळं सोसायचं असेल तर थोडे जास्त पैसे घालून फेज कोटिंग असलेली, आतून वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली रूफ प्रिझमची घ्या.

प्रिझमच्या काचेचेही प्रकार आहेत. बीएके-४ हा चांगला, बीके-७ त्याच्या खालचा. फरक कसा ओळखायचा ते पुढे तपासणीत सांगतो.

कोटिंगच्या शब्दांत मात्र मोठी मेख आहे. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही आणि तोच भरकटून चित्र पांढुरकं करतो. १९३५ मध्ये त्साइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून ही गळती कमी करण्याची पद्धत शोधली. आज खोक्यावर चार तऱ्हेचे शब्द दिसतात. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर एकेक थर. ‘फुली कोटेड’ म्हणजे सगळ्यांवर एकेक. ‘मल्टि-कोटेड’ म्हणजे काहींवर अनेक थर. ‘फुली मल्टि-कोटेड’ म्हणजे सगळ्यांवर अनेक. शेवटचं मिळालं तर उत्तम. बजेटमध्ये बसत नसेल तर ‘मल्टि-कोटेड’ पर्यंत खाली यावं, त्याखाली नको.

चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहायचा, आय रिलीफ. डोळा नेत्रिकेपासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. चष्मा घालून पाहायचं तर ते १५-१६ मिमी किंवा जास्त हवं, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. फक्त लघुदृष्टी किंवा दूरदृष्टीचा नंबर असेल तर चष्मा काढून पाहता येतं, कारण फोकसचं चाक तेवढी भरपाई करतं. नंबर फार मोठा असेल तर मात्र चाक पुरतं का ते आधी बघावं. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा डोळ्यांवरच ठेवायचा.

हातात आल्यावर तपासणी

स्वस्त गटात एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याची खात्री नसते. म्हणून ऑनलाइन घेतली तर परत करायची मुदत संपण्याआधी, आणि समोरासमोर घेतली तर पैसे देण्याआधी, पंधरा-वीस मिनिटं तिच्यावर घालवा. लागते काय तर एक पट्टी, एक टॉर्च आणि एक कोरा कागद.

आधी दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे (सूर्याच्या विरुद्ध बाजूला) रोखा आणि नेत्रिकांकडे पाहा. प्रत्येकीत उजेडाची एक छोटी चकती तरंगताना दिसेल. तीच मघाची एक्झिट प्यूपिल. ती गरगरीत गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असेल तर प्रिझम चांगले आहेत. चकतीच्या कडा राखाडी होऊन मधला उजळ भाग चौकोनी दिसत असेल तर काच बीके-७ आहे. चौकोनी चकती म्हणजे दुर्बीण टाकाऊ, असं नाही. पण खोक्यावर बीएके-४ छापलेलं असताना असं दिसलं तर बाकीच्या छापील गोष्टींवरही विश्वास ठेवू नका.

आता पुढच्या भिंगावर दिव्याचं प्रतिबिंब पाडा. दुर्बीण हळूहळू तिरपी केली की आतल्या वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून एकामागे एक प्रतिबिंबं दिसतात. ती मंद हिरवी, जांभळी किंवा निळसर असावीत. मध्येच एखादं पांढरंशुभ्र चमकलं तर त्या काचेवर कोटिंगच नाही. हीच परीक्षा नेत्रिकेच्या बाजूने पुन्हा करा. काटकसर तिकडेच जास्त होते.

तिसरी परीक्षा फारसं कोणी करत नाही आणि तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. खोलीत अंधार करा, फोकस दूरवर लावा, टॉर्च नेत्रिकेपासून हातभर मागे धरा आणि कोरा कागद पुढच्या भिंगासमोर अगदी जवळ ठेवा. कागदावर उजेडाचं वर्तुळ पडेल. त्याचा व्यास पट्टीने मोजा. ५० मिमीच्या दुर्बिणीत ते पन्नासच्या आसपास यायला हवं. कित्येक स्वस्त दुर्बिणींत आतले प्रिझम लहान असतात किंवा दोष झाकायला आतून कड बसवलेली असते, आणि मग वर्तुळ ४०-४२ मिमीचंच पडतं. पुढची काच मोठी, काम करणारी काच लहान. एक-दोन मिमी इकडेतिकडे असेल तर सोडून द्या.

मग दोन्ही नळ्या एका दिशेत आहेत का ते पाहायचं. दूरची एखादी आडवी रेषा घ्या, छपराची कड किंवा विजेची तार. ती पाहत पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्या. दोन्ही वर्तुळांतली रेषा एकाच पातळीवर राहिली पाहिजे. एकीत वर, एकीत खाली गेली तर दुर्बीण परत करा. आणखी एक खूण म्हणजे दुर्बीण लावून डोळे दोन सेकंद मिटा आणि उघडा. उघडल्याक्षणी चित्र दुहेरी दिसून मग जुळलं, तर डोळे तो दोष ओढून-ताणून भरून काढत आहेत. अशी दुर्बीण दहा मिनिटं वापरली की डोकं दुखायला लागतं, आणि माणूस समजतो की आपल्याला हे जमत नाही.

शेवटी यंत्राचा कस. मधला सांधा फार ढिला नको, स्वतःच्या वजनाने मिटता कामा नये. फोकसचं चाक दोन्ही दिशांना सारखं, गचका न देता फिरावं. दोन्ही नेत्रिकांना जोडणारा पूल दाबला की चित्र बिघडतं का ते पाहा. पोरोमध्ये हा दोष नेहमीचा. दुर्बीण जुनी, वापरलेली असेल तर टॉर्च एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने आत डोकवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. थोडीशी धूळ चालते, बुरशी नाही.

डोळ्यांना जुळवून घेणं

हे एकदाच करायचं असतं, पण न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीही ‘धूसर दिसतं’ म्हणून परत जातात. दोन नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचं एक गोल वर्तुळ होईपर्यंत आणा. चष्मा नसेल तर नेत्रिकांच्या रबरी कडा बाहेर, असेल तर आत. मग उजव्या भिंगावर झाकण ठेवा, दोन्ही डोळे उघडेच ठेवून डाव्या डोळ्याने दूरची वस्तू मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता झाकण डाव्या भिंगावर, आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेची कडी फिरवून तीच वस्तू उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. तिची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

पकडण्याचीही रीत आहे. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधू गेलात तर तो उडून जाईल. ताऱ्यालाही हेच लागू. कोपर छातीशी टेकवा, भिंतीला पाठ लावा, आणि आकाशासाठी तर आरामखुर्चीत मागे रेलून पाहा. डोक्यावरच्या ताऱ्यांसाठी उभं राहून मान मोडण्यात काही शौर्य नाही. ट्रायपॉड वापरायचा तर पुढच्या बाजूला सांध्याच्या टोकाशी एक छोटी टोपी असते, ती काढली की आत आटे दिसतात. तिथे एल आकाराचा अडॅप्टर बसतो.

पहिल्या काही रात्री

डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं द्या आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवा. खिडकीच्या काचेतून बघू नका, चित्र फाटतं. याला एक थोर अपवाद आहे. ब्रिटनमधले शिक्षक जॉर्ज ऑल्कॉक यांनी मे १९८३ मध्ये घरातूनच, बंद खिडकीच्या काचेमागून, १५×८० दुर्बिणीने एक धूमकेतू शोधला. पण त्यांना हजारो ताऱ्यांच्या जागा तोंडपाठ होत्या.

चंद्रापासून सुरुवात करा, मात्र पौर्णिमेला नको. पौर्णिमेचा चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात आणि डोंगर उठून दिसतात. गुरू सापडला तर कोपर घट्ट टेकवा. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी चार, कधी तीन. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चंद्र ते हेच. दुसऱ्या रात्री ते जागा बदललेले असतात. शनीची कडी मात्र या दुर्बिणींत सुटी दिसत नाहीत, त्यासाठी पंचवीसेक पट लागते. शुक्राची कोर तो पृथ्वीच्या जवळ आलेला असताना संधिप्रकाशात दिसते.

डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी कृत्तिका पाहा. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, दुर्बिणीत डझनावारी, निळसर. हा गुच्छ आकाशात जवळजवळ दोन अंश पसरलेला आहे, म्हणून टेलिस्कोपपेक्षा दुर्बिणीतच तो अखंड दिसतो. शेजारी रोहिणी आणि तिच्याभोवतीचा इंग्रजी व्हीच्या आकाराचा गुच्छ. गंमत म्हणजे रोहिणीचा तांबूस तारा त्या गुच्छातला नाहीच, तो ६५ प्रकाशवर्षांवर आणि गुच्छ त्यामागे सुमारे १५० प्रकाशवर्षांवर. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण ओळखलात की त्याच्याजवळ तीन मंद ताऱ्यांची ओळ शोधा. मधला तारा धुरकट दिसेल, तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, साधारण १३४० प्रकाशवर्षांवर. पुष्य नक्षत्रातला धूसर डागही दुर्बिणीत मुठीने उधळल्यासारख्या ताऱ्यांत फुटतो.

जून ते सप्टेंबरमध्ये वृश्चिकाच्या नांगीजवळ, मूळ नक्षत्राच्या शेजारी, दोन गुच्छ एकाच दृष्टिक्षेत्रात मावतात. त्यातला मोठा टॉलेमीने दुसऱ्या शतकात नोंदवला होता. ऑक्टोबरनंतर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह. तिथे रंगीत फोटोतलं काही अपेक्षू नका. मंद, लांबट, राखाडी डाग दिसतो, आणि थेट पाहण्यापेक्षा नजर किंचित बाजूला ठेवली की जास्त दिसतो. त्या डागातला प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

दिवसा

दिवसाच्या वापराबद्दल थोडक्यात. फुलपाखरं, चतुर यांत रस असेल तर दुर्बीण किती जवळचं स्पष्ट दाखवते तो आकडा पाहा. चांगली ८×४२ दोन मीटरपर्यंत येते, १०×५० पोरोला बहुधा पाच-सहा मीटर किंवा जास्त लागतात. आणि दुर्बीण उलटी धरून, नेत्रिका एखाद्या किड्याच्या अगदी जवळ नेऊन, मोठ्या भिंगाच्या बाजूने डोकावलं तर तीच भिंगासारखी काम करते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

पण दिवसा एक नियम कधीच मोडायचा नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं नाही, क्षणभरही नाही, मावळतीलाही नाही. घारीच्या मागे दुर्बीण फिरवताना सूर्य मध्ये येणार असेल तर आधीच दुर्बीण डोळ्यांवरून काढा. ग्रहणाचा कागदी चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं तर जास्तच घातक, कारण एकवटलेली उष्णता तो चष्मा क्षणात जाळते. फिल्टर लावायचाच तर खास दुर्बिणीसाठी बनवलेला प्रमाणित सौर फिल्टर, आणि तो दोन्ही पुढच्या भिंगांवर घट्ट बसलेला. उघडी दुर्बीण उन्हात खिडकीत ठेवून जाऊ नका.

निगा

भिंग वारंवार पुसू नये. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, सदऱ्याच्या टोकाने पुसल्याने मात्र कोटिंगवर ओरखडे उमटतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि बोटाचा डागच पडला असेल तर लेन्सच्या द्रवाचा एक थेंब कापडावर घेऊन हलक्या हाताने. दव पडलं तर पुसू नका. घरात आणून झाकणं न लावता सुकू द्या आणि मग पिशवीत घाला. दमट हवेत बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली तर बुरशी लांब राहते. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओलं झालेलं कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतं.

सोबत येणारा बारीक पट्टा मात्र पहिल्याच दिवशी बदला, तो मानेत रुततो. रुंद, मऊ पट्टा किंवा दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस घेतला की किलोभराची दुर्बीण दोन तास गळ्यात राहिली तरी मान अवघडत नाही.